उष्टे आणि एकच नळी : अर्जेंटिनातील ‘माते’विषयी

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

आमच्या घरात उष्ट्याचे नियम कडक होते. तांब्याला ओठ लावायचा नाही, पाणी वरून प्यायचे, आणि एकाने ओठ लावलेले फुलपात्र घासल्याखेरीज दुसऱ्याने घ्यायचे नाही, हे आम्हा भावंडांना कोणी बसवून शिकवले नव्हते. ते अंगवळणीच पडले होते. अशा घरातून मी फौंड्रीच्या कामानिमित्त अर्जेंटिनातील रोसारिओ या शहरी दोन वर्षांसाठी गेलो. तेथील पहिल्याच सकाळी, ओतकामाचे नमुने मोजण्याच्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या पाच जणांनी एकामागून एक ज्या धातूच्या नळीतून पेय ओढून घेतले होते, तीच नळी असलेले भांडे सहावा म्हणून माझ्यापुढे आले.

ते पेय म्हणजे माते. मराठीत हा शब्द लिहिला की आईला घातलेली हाक वाटते; मूळ शब्द मात्र दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेतील ‘मति’ हा असून त्याचा अर्थ भोपळ्याचे भांडे असा आहे. हे भांडे सुकवून पोखरलेल्या भोपळ्याचे असते. मिरजेला सतारीसाठी जो भोपळा वापरतात, तो आणि मातेचा भोपळा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीचे आहेत, हे मला पुढे कळले तेव्हा फार आनंद झाला. आत जी वाळवलेली, भरडलेली पाने घालतात त्यांना येर्बा म्हणतात, आणि ज्या नळीच्या खालच्या टोकाला चाळणी असते तिला बोंबिशा. येर्बाचे झाड सदाहरित असून ते अर्जेंटिनाच्या मिसियोनेस व कोरियेन्तेस या प्रांतांत, पॅराग्वेत आणि ब्राझीलच्या दक्षिण भागात होते. या भागातील मूळ रहिवासी असलेले ग्वारानी लोक त्याला ‘का-आ’ म्हणतात, आणि ते पिण्याची रीतही मुळात त्यांचीच आहे.

मातेच्या बैठकीचे नियम मला कोणी सांगितले नाहीत. ते चुकत चुकत शिकावे लागले. ओतणारा एकच असतो, त्याला सेबादोर म्हणतात, आणि बैठक संपेपर्यंत तो बदलत नाही. भांडे पाऊण भरेल इतकी येर्बा घालून ती एका बाजूला कलती करतात आणि उतारावर, नळीच्या शेजारी, बेताचे पाणी ओततात. पाणी उकळते असून चालत नाही. सत्तर ते ऐंशी अंश पुरेत, नाहीतर पाने करपल्यासारखी कडू होतात. पहिले भांडे सेबादोर स्वतः पितो. त्यानंतर तो पाणी घालून नळी समोरच्याकडे वळवतो आणि भांडे देतो. ज्याच्या हातात भांडे येते त्याने तळाशी खुळखुळ आवाज होईपर्यंत ते संपवायचे आणि शेजाऱ्याला न देता सेबादोरालाच परत करायचे. नळी हलवायची नाही. ती हलवली की चाळणीत चुरा अडकतो, आणि शिवाय ओतणाऱ्याने लावलेली मांडणी आपल्याला पसंत नाही असा त्याचा अर्थ होतो.

त्या पहिल्या सकाळी मी भांडे हातात घेऊन किती वेळ उभा होतो, हे मला आठवत नाही. ओठ न लावता पिण्याचा काही मार्ग आहे का, हे मी खरोखर शोधत होतो. तसा मार्ग नाही. मी प्यालो, कडू लागले, आणि भांडे परत करताना सवयीने ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणालो. पुढच्या फेरीत भांडे मला ओलांडून गेले, त्याच्या पुढच्या फेरीतही गेले. दुपारपर्यंत माझी समजूत अशी झाली की माझा संकोच त्यांच्या लक्षात आला असून त्यांनी मला वगळले आहे. प्रत्यक्षात मातेच्या बैठकीत ‘ग्रासियास’ याचा अर्थ ‘मला आता पुरे’ असा होतो. आपल्याकडे पाहुणा तीनदा नको म्हणतो आणि यजमान चौथ्यांदा वाढतो. पंगतीतला तो आग्रह मला जिव्हाळ्याचा एकमेव पुरावा वाटत आला होता. येथे नको म्हटले की ते खरे मानले जाते, आणि जोवर नको म्हणत नाही तोवर तुमची पाळी तुमचीच राहते. दुसऱ्या दिवशी मी काही बोललो नाही, तेव्हा भांडे सहा वेळा माझ्याकडे आले.

या सगळ्यातून एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली आहे आणि तिच्यासाठीच हा धागा काढला आहे. आपणही चहा वाटून पितो. मुंबईत कटिंग आहे, दोघांत एक घेताना अर्धा बशीत ओतून देणे आहे. परंतु आपण ओठ लावण्याआधी वाटतो. वाटून झाल्यावर प्रत्येकाचा वाटा वेगळा होतो आणि मग कोणी कोणाला लागत नाही. मातेमध्ये काहीच वेगळे होत नाही. तेथील यंत्रचालक, हिशेबनीस, कारखान्याच्या मालकाचा मुलगा आणि स्पॅनिशची जेमतेम चाळीस वाक्ये येणारा मी, असे आम्ही सगळे त्याच नळीतून पीत होतो. माझी भाषा सुधारायला आठ महिने लागले, पण माझे त्या टेबलाभोवतीचे स्थान त्याच्या फार आधी, दुसऱ्याच दिवशी, ठरून गेले होते. परक्या माणसाला जवळ घेण्याची इतकी थेट रीत मी दुसरी पाहिलेली नाही.

आपणांपैकी कोणी माते प्यालेले असल्यास, किंवा उष्ट्याच्या संस्कारातून आलेल्या कोणाला असाच प्रसंग आला असल्यास, कृपया सविस्तर लिहावे.

उंबरठा

लेख मनापासून आवडला. मी वैद्यकीय व्यवसायात आहे, त्यामुळे दोन गोष्टी नोंदवणे मला कर्तव्य वाटते. पहिली तापमानाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली पासष्ट अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या दृष्टीने ‘बहुधा धोकादायक’ या गटात घातली, आणि त्यात मातेचा विशेष उल्लेख होता, कारण दक्षिण अमेरिकेतील अभ्यास मुख्यतः त्यावरच होते. त्याच वेळी, फार गरम नसलेल्या मातेबद्दल असे काही सिद्ध होत नाही, असेही त्यांनी म्हटले. म्हणजे दोष पानाकडे जात नाही, उष्णतेकडे जातो. नळीतून प्यायल्यामुळे गरम पाणी ओठांवर न रेंगाळता थेट घशाकडे जाते, हे लक्षात ठेवावे.

दुसरी गोष्ट लाळेची. लाळेतून पसरणारे आजार असतात, आणि उष्टे टाळण्याच्या आपल्या रिवाजाचा तेवढा भाग मी नाकारणार नाही. करोनाच्या काळात, २०२० च्या मार्चमध्ये, अर्जेंटिनाच्या सरकारलाही लोकांना माते एकमेकांत न फिरवण्याचे आवाहन करावे लागले होते. धागाकर्त्यांना विचारावेसे वाटते की त्यानंतर ती रीत परत आली का?

पंचगंगाकाठ

आपण लिहिलेले योग्यच आहे. मी तेथून २०१९ मध्येच परतलो, त्यामुळे तो काळ मी स्वतः पाहिलेला नाही. पण माझ्या जुन्या टेबलावरील मंडळींशी अजून बोलणे होते. त्यांनी सांगितले की त्या वर्षी प्रत्येकाने आपले भांडे, आपली नळी आणि आपला थर्मास आणायला सुरुवात केली, आणि काही जण अजूनही तसेच पितात. त्यांच्यातील सर्वांत वयस्कर गृहस्थ, जे आमचे कायमचे सेबादोर होते, त्यांनी मला फोनवर सांगितले की स्वतःसाठी ओतलेले माते त्यांना ‘कामाचे पेय’ वाटते. आता त्या टेबलावर पुन्हा एक भांडे फिरते, परंतु ज्याला सर्दी-खोकला आहे तो आपणहून ‘ग्रासियास’ म्हणतो आणि कोणी कारण विचारीत नाही.

खडूफळा

मी इतिहास शिकवतो. आपण ‘ओठ लावण्याआधी वाटतो’ हे निरीक्षण अचूक आहे, परंतु आपल्याकडे एके काळी वाटलेला कपही चालत नसे, हे येथे सांगितले पाहिजे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली, ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि अखेरीस रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र कप होता, कोणी कोणाचे उष्टे घेतले नव्हते. चहा ख्रिस्ती घरातील होता, एवढेच कारण पुरले.

धागाकर्ते कोल्हापूरचे आहेत, म्हणून दुसरी आठवण त्यांच्याच गावची. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना, हौदाला स्पर्श केला म्हणून इतर नोकरांनी बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास सांगून भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले. कोणी तेथे चहाला जाईना, तेव्हा महाराज स्वतः आपली गाडी तेथे थांबवून सर्वांसमक्ष चहा मागवू लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. पंचहौदातील चहाने माणसे तोडण्याचे निमित्त दिले, भाऊसिंगजी रस्त्यावरील चहाने जोडण्याचे. दोन्ही वेळा पेय एकच होते. माझ्या वर्गातील मुलांना मी या दोन घटना नेहमी लागोपाठच सांगतो.

दारचीजाई

उष्ट्याविषयी एक राहिलेली बाजू मांडते. आमच्या लहानपणी उष्टे कोणाला चालत नाही याची यादी मोठी होती, पण नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायकोने जेवावे हे मात्र चालत असे, आणि ते उलट कधीच होत नसे. म्हणजे उष्टे केवळ स्वच्छतेचे नव्हते. ते वरून खाली वाहात असे. म्हणूनच मला मातेच्या बैठकीतील एक तपशील सर्वांत मोलाचा वाटला : भांडे दर वेळी ओतणाऱ्याकडे परत जाते. कोणाचे उष्टे कोणी घेतले, हा प्रश्नच तेथे शिल्लक राहात नाही, कारण दुसऱ्या फेरीपासून सगळेच सगळ्यांचे उष्टे घेत असतात.

आपल्याकडे हे मुळीच नाही असेही नाही. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात काला होतो, तेव्हा वारकरी एकमेकांच्या तोंडात काला भरवतात, आणि तो घेताना कोणी कोणाचे गाव-कूळ विचारीत नाही. माझी आई, जी घरी सोवळ्याने स्वयंपाक करीत असे, ती तेथे अनोळखी बाईच्या हातचा घास घेई. घरी आल्यावर पुन्हा सोवळे सुरू होई. त्या एका दिवसाचे आणि उरलेल्या वर्षाचे तिच्या मनात काय नाते होते, हे मी तिला विचारायला हवे होते. ते राहून गेले.

बंदरावरचा

मी जहाजावर असताना लेबनॉनमध्ये माते प्यालो आहे, आणि अर्जेंटिनात मात्र कधी गेलेलो नाही. हे वाचून आश्चर्य वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेव्हाच्या ऑटोमन सीरियातून, म्हणजे आजच्या सीरिया आणि लेबनॉनमधून, पुष्कळ लोक दक्षिण अमेरिकेत गेले. त्यांतील काही परतले आणि येताना येर्बा घेऊन आले. सीरियातील स्वैदा, सलमिया आणि कलमून या भागांत ते इतके रुजले की अर्जेंटिनाची परदेशी जाणारी येर्बा विकत घेण्यात कित्येक वर्षे सीरिया पहिल्या क्रमांकावर राहिलेला आहे. तेथे त्याला मत्ते म्हणतात. भोपळ्याऐवजी लहान काचेचा पेला असतो, आणि सीरियात बहुधा प्रत्येकाचा पेला व नळी स्वतंत्र असून किटली तेवढी सामायिक असते.

मी ज्या घरी गेलो होतो ते लेबनॉनच्या डोंगरातील, द्रूझ या धर्मपंथाचे कुटुंब होते. त्यांच्याकडे भांडे एकच फिरत होते, पण प्रत्येक पाहुण्याच्या आधी घरच्या आजी लिंबाच्या सालीने नळीचे टोक घासून त्यावर गरम पाणी सोडीत, आणि मगच पुढच्याला देत. त्या क्षणी मला आमच्या गावातील चिलीम आठवली. चिलीम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना तिला ओली छापी गुंडाळलेली असते. कडक उष्ट्याचा संस्कार असलेल्या माणसांनीही, एकत्र बसण्याची इच्छा प्रबळ झाली की मधे एक चिंधी किंवा एक साल ठेवून वाट काढलेली दिसते. अर्जेंटिनातील रीत उदार आहे, हे मान्य. परंतु ती लिंबाची साल मला अधिक हृद्य वाटते, कारण तीत पाहुण्याच्या संकोचाची आधीच दखल घेतलेली असते.

कोयता

सर्वांचे लेखन वाचले. माते पिणाऱ्यांच्या वर्तुळाबद्दल आपण बोलत आहोत. पान तोडणाऱ्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझे आई-वडील बीड जिल्ह्यातून दर हंगामाला ऊसतोडीला जात. मिसियोनेसमध्ये येर्बा तोडणाऱ्या मजुरांना तारेफेरो म्हणतात. हाताने फांद्या छाटायच्या, कापडावर गोळा करून त्याचे मोठे गाठोडे बांधायचे, आणि वजनावर पैसे घ्यायचे, असे ते काम असते. त्यांच्या आधीच्या पिढ्यांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, पाराना नदीच्या वरच्या खोऱ्यात मजुरांना पोसादास गावी आगाऊ रक्कम दिली जाई, आणि ती फिटेपर्यंत त्यांना जंगलातून परतता येत नसे. हे वाचले त्या दिवशी मी बराच वेळ काही बोललो नाही, कारण आमच्याकडे त्या रकमेला उचल म्हणतात. पेय वाटून पिण्याने माणसे जवळ येतात, हे मी मानतो. त्या वर्तुळात तारेफेरोला जागा आहे का, हे विचारणेही त्याच प्रेमाचा भाग असावा, अशी माझी विनंती आहे.

पंचगंगाकाठ

आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि आपले म्हणणे स्वीकारतो. मी मिसियोनेसमधील आपोस्तोलेस या गावी चार दिवस होतो. १८९७ पासून तेथे पोलिश आणि युक्रेनियन कुटुंबे येऊन वसली आणि पुढे येर्बाच्या लागवडीत शिरली, त्यामुळे मला जेथे माते मिळाले त्या घरातील आजी पोलिश प्रार्थना म्हणत आणि मुळात ग्वारानींचे असलेले पेय स्पॅनिश बोलत ओतत. त्या वेळी मला त्यात फक्त मेळ दिसला. सुकवणीच्या शेडमध्ये मला पाने आगीच्या झोतातून काही सेकंद कशी नेतात, मग कशी वाळवतात, भरडतात आणि महिनोन्‌महिने कशी मुरवतात, हे सारे दाखवण्यात आले. तोडणी मात्र मी धावत्या गाडीतून पाहिली. उतरून बोललो असतो तर बरे झाले असते.

इतिहासाचा एक दुवा येथे जोडतो. येर्बाचे बी सहजी रुजत नाही. जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकात आपल्या वसाहतींत ग्वारानी लोकांच्या श्रमावर तिच्या बागा उभ्या केल्या. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकलल्यावर त्या बागा उजाड झाल्या आणि लोक पुन्हा रानातील झाडांवर अवलंबून राहिले. आज अर्जेंटिनात ३० नोव्हेंबर हा मातेचा राष्ट्रीय दिवस आहे, आणि तो ग्वारानी सेनानी आंद्रेस ग्वाकुरारी यांच्या जन्मदिवशी पाळला जातो. ज्यांचे पान, त्यांच्यातील एकाच्या नावे दिवस ठेवला, एवढे तरी झाले.

रंकाळावारा

मी फुटबॉलवाला आहे, त्यामुळे माझे माते टीव्हीवरचेच. विश्वचषकाच्या काळात आपल्या पेठांतून अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मेस्सी बसमधून उतरताना हातात जे भांडे असते ते काय, याचा उलगडा आम्हा मित्रांना बऱ्याच उशिरा झाला. फ्रान्सचा ग्रीझमन तर स्पेनमध्ये खेळताना उरुग्वेच्या सहकाऱ्यांकडून माते शिकला आणि ती सवय त्याने कायमची लावून घेतली. उरुग्वेची गोष्टही नवलाची आहे : देशात येर्बा जवळजवळ पिकत नाही, बहुतेक ब्राझीलमधून येते, आणि तरीही दरडोई सर्वाधिक माते पिणाऱ्यांत तेच अग्रणी आहेत, काखेत थर्मास धरून माणसे रस्त्याने चालतात.

धागाकर्त्यांना एक विचारतो. आपल्याकडे येर्बा शिल्लक असेल, तर एका रविवारी सकाळी रंकाळ्यावर बसू या का? खडूफळा, दारचीजाई आणि कोयता यांनीही यावे. ज्याला नळी वेगळी हवी त्याने वेगळी आणावी, कोणी त्याचे वाईट मानणार नाही.

दारचीजाई

मी येईन. लिंबू मी आणते.

कोयता

हंगाम संपल्यावर आई-वडील गावी परततात, तेव्हा त्यांना घेऊन येईन. वडिलांना कडू चालते. आईला साखर लागेल. घातलेली चालते का?

पंचगंगाकाठ

चालते. साखर घातलेल्याला तिकडे गोड माते म्हणतात आणि ते अनेक घरांत होते; त्यासाठी मी दुसरे भांडे आणीन, कारण भोपळ्याला एकदा साखर लागली की तो कडू मातेसाठी ठेवीत नाहीत. माझ्याकडे दीड किलो येर्बा आहे, आपल्या सर्वांना पुष्कळ बैठका पुरेल. नवा भोपळा आज रात्रीच ओली येर्बा भरून ठेवतो. तो एक दिवस तसाच राहू द्यावा लागतो, मग आतला मऊ गर चमच्याने खरवडून पुन्हा भरावा लागतो. असे दोन-तीनदा केल्याशिवाय पाण्याला भोपळ्याची चव येत राहते.

पाणी मी घरून थर्मासमध्ये आणतो, उंबरठा यांनी सांगितलेले ध्यानात ठेवून बेताचेच गरम. ओतायला मी बसेन. पहिल्या भांड्यात चुरा आणि कडवटपणा सर्वांत जास्त उतरतो, म्हणून ते ओतणाऱ्यानेच प्यायचे असते. ते मी पितो, आणि दुसरे कोयता यांच्या वडिलांना देतो.